शेवट आधी वाचा: बंगळूरच्या मराठी घरातलं दहावीचं संस्कृत

दहावीतला मुलगा 'देव' शब्द एका दमात म्हणून दाखवतो. 'देवः देवौ देवाः'पासून 'हे देवाः'पर्यंत कुठे अडखळत नाही. त्यालाच पाच शब्दांचं एक साधं वाक्य वाचायला द्या: 'वृद्धाय बालकः आपणात् मोदकम् आनयति.' हवं तर शब्दांचे अर्थही आधीच सांगून टाका. वृद्ध म्हणजे म्हातारा, बालक म्हणजे मुलगा, आपण म्हणजे दुकान, आनयति म्हणजे आणतो. तरीही पुष्कळदा उत्तर येतं, 'म्हातारा मुलासाठी दुकानातून मोदक आणतो.' शब्द ओळखीचे, विभक्ती तोंडपाठ, आणि अर्थ मात्र नेमका उलटा.

हे मूल आळशी नसतं आणि बुद्धीनंही कमी नसतं. पाठ करताना त्याचं मन ज्या दिशेनं जातं, त्याच्या बरोबर उलट दिशेनं वाचताना जावं लागतं. ही दुसरी दिशा त्याला कुणी शिकवलेलीच नसते. ती घरी शिकवता येते, आई-वडिलांना स्वतःला संस्कृत फारसं येत नसलं तरी. त्यातही घर बंगळूरमधलं मराठी घर असेल, तर त्या मुलाकडे दोन भाषांची अशी शिदोरी असते, जी पुण्यातल्या किंवा दिल्लीतल्या मुलाकडे नसते.

पाठांतर एका दिशेचं, वाचन दुसऱ्या

शब्द चालवताना प्रश्न असा असतो: चतुर्थी, एकवचन, रूप काय? उत्तर: देवाय. वाचताना प्रश्न उलटा होतो: समोर 'वृद्धाय' आहे, ही कुठली विभक्ती आणि तिचं वाक्यात काम काय? पहिल्या प्रश्नाचा सराव वर्षभर होतो, दुसऱ्याचा जवळजवळ होत नाही. आपली स्मृती ज्या दिशेनं वापरली जाते त्या दिशेनंच पक्की होते. म्हणून चोवीस रूपं ओळीनं म्हणणाऱ्या मुलाला मधलंच एक रूप उचलून दिलं, की ते ओळखायला पुन्हा 'देवः'पासून सुरुवात करावी लागते. परीक्षेत तेवढा वेळ नसतो. मग मूल अंदाज करतं. अंदाजासाठी त्याच्याजवळ इंग्रजी वाचनाची सवय असते. इंग्रजी वाक्यात पहिलं नाम बहुधा कर्ता असतं, म्हणून इथेही पहिला दिसलेला म्हातारा कर्ता ठरतो.

संस्कृतमध्ये कर्ता कोण हे शब्दाच्या जागेवरून ठरत नाही, त्याच्या शेवटावरून ठरतं. लग्नघरात आहेराच्या पाकिटांचा ढीग पडलेला असतो. पाकिटं कशीही उलटसुलट पडली तरी बिघडत नाही, कारण कुणाकडून आलं ते प्रत्येकावर लिहिलेलं असतं. तसं बालकः, वृद्धाय, आपणात्, मोदकम् या चारही शब्दांनी आपापलं नातं स्वतःच्या अंगावर लिहून आणलेलं आहे. त्यांचा क्रम हवा तसा बदला, मोदक आणणारा मुलगाच राहतो.

म्हणून घरच्या अभ्यासाचा पहिला नियम: शब्दाचा अर्थ नंतर, शेवट आधी. आणि वाक्यात सगळ्यांत आधी क्रियापद. पाठशाळांमध्ये श्लोक समजावून देण्याची एक जुनी रीत आहे, तिला खंडान्वय म्हणतात. क्रियापद हाती धरायचं आणि त्यालाच एकेक प्रश्न विचारत वाक्य उलगडायचं. आनयति, आणतो. कः आनयति? बालकः. किम् आनयति? मोदकम्. कस्मात्? आपणात्. कस्मै? वृद्धाय. प्रश्नाचा शेवट आणि उत्तराचा शेवट कसे एकमेकांना जुळतात पाहा: कस्मात्–आपणात्, कः–बालकः. म्हणजे 'किम्' या सर्वनामाची रूपं आली, की विभक्ती ओळखण्याची किल्ली हातात येते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अधोरेखित शब्दावरून प्रश्न तयार करायला सांगतात, तोही याच कौशल्याचा प्रश्न आहे. त्यामुळे खंडान्वयाचा रोजचा सराव परीक्षेत थेट गुण देतो.

संस्कृत न येणाऱ्या पालकालाही हे चालवता येतं. त्यानं फक्त एक प्रश्न धरून ठेवायचा: कशावरून?

'कोण आणतंय?'
'मुलगा.'
'कशावरून?'
'विसर्ग आहे ना, बाबा. बालकः.'
'मग म्हातारा?'
'त्याच्यासाठी. आय आहे शेवटी.'

उत्तर बरोबर आलं तरी 'कशावरून' विचारायचंच. बरोबर आलेला अंदाज हा चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त फसवा असतो, कारण तो कुणी तपासत नाही.

मराठीनं आणि कन्नडनं आधीच दिलेलं

आता शिदोरीकडे वळू. बंगळूरमधलं मराठी मूल घरी मराठी बोलतं, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना आणि शाळेच्या तासाला कन्नड, शिवाय थोडी हिंदी. पालकांना ही खिचडी वाटते आणि त्यात आणखी संस्कृत कुठे घालायचं, अशी काळजी वाटते. माझं मत उलटं आहे. संस्कृतची यंत्रणा या मुलाच्या डोक्यात आधीच दोन भागांत बसलेली आहे. एक भाग मराठीत, दुसरा कन्नडमध्ये.

कन्नडचा भाग आधी. आपलंच वाक्य कन्नडमध्ये घ्या: 'वृद्धनिगे बालकनु अंगडियिंद मोदकवन्नु तरुत्ताने.' शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय जुळतो. वृद्धाय–वृद्धनिगे, बालकः–बालकनु, आपणात्–अंगडियिंद, मोदकम्–मोदकवन्नु. मराठीत म्हणताना आपण 'मोदक आणतो' म्हणतो, कर्माला काहीच लागत नाही. 'मुलाला बोलावतो' मध्ये 'ला' लागतो, पण निर्जीव वस्तू बहुधा मोकळी राहते. म्हणून मराठी मुलं संस्कृत लिहिताना 'बालकः मोदकः आनयति' असं लिहून जातात आणि अर्धा गुण घालवतात. कन्नडमधला 'अन्नु' हा प्रत्यय कर्म वेगळं दाखवतो. लिहिताना थांबून एकदा मनात कन्नड वाक्य म्हटलं, आणि 'अन्नु' आला तिथे द्वितीया लावली, की ही चूक पुष्कळ कमी होते.

दुसरी देणगी उच्चाराची. मराठीत आणि हिंदीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळतो. 'राम' लिहितो, म्हणताना 'राम्' म्हणतो. त्यामुळे 'फलम' आणि 'फलम्', 'जगत' आणि 'जगत्' यांतला फरक कानाला लागत नाही आणि हातून पाय मोडायचा राहून जातो. लिखित कन्नड शेवटचा स्वर पूर्ण उच्चारते. कन्नडच्या कानानं संस्कृत मोठ्यानं वाचलं, तर स्वरान्त कुठला आणि व्यंजनान्त कुठला हे आपोआप ऐकू येतं.

मराठीची देणगी वेगळी आहे: लिंग. कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरतं. माणसं पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी, वस्तू बहुतेक नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंग उरलेलंच नाही. मराठीनं मात्र संस्कृतची तिन्ही लिंगं सांभाळली. पुस्तक, वन, फूल, शरीर ही मराठीत 'ते' आहेत, संस्कृतमध्येही नपुंसकलिंगी. वृक्ष, वायू, देह हे 'तो', संस्कृतमध्येही पुल्लिंगी. नदी, माला, देवता 'ती', तिकडेही स्त्रीलिंगी. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी होतं, महिमाही स्त्रीलिंगी होतो. मराठीत 'तो महिमा' म्हणतात आणि संस्कृतमध्येही तो पुल्लिंगीच आहे. अडलं की मराठीला विचारायचं, हिंदीला नाही. अपवाद थोडे आहेत, ते एका कागदावर लिहून भिंतीला लावावेत: मित्र (संस्कृतमध्ये सखा या अर्थी नपुंसकलिंगी, मित्रम्), वस्तू (तिकडे नपुंसकलिंगी), तारा (मराठीत तो, संस्कृतमध्ये ती).

चतुर्थीसाठी तर कोष्टक उघडायचीही गरज नाही. घरच्या पूजेत 'नमः' आला की आधी चतुर्थी असते. गणेशाय नमः, केशवाय नमः, विष्णवे नमः, सरस्वत्यै नमः, दुर्गायै नमः. या पाच नमस्कारांत अकारान्त, उकारान्त, ईकारान्त आणि आकारान्त अशा चार प्रकारच्या शब्दांची चतुर्थी येऊन गेली. मूल ती लहानपणापासून ऐकतं आहे, फक्त ती चतुर्थी आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मराठी, कन्नड आणि संस्कृत एका छताखाली नांदणं ही या गावात नवी गोष्टही नव्हे. सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांकडे होतं, तेव्हा त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये हा कवी आला. त्यानं 'राधामाधवविलासचंपू' हे गद्य-पद्य मिसळलेलं संस्कृत काव्य रचलं, आणि त्यात दरबारात चालणाऱ्या अनेक भाषांतली कवनंही गुंफली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९२२ साली तो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. मला ही माहिती मुलांना मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण बंगळूरमध्ये मराठी बोलत संस्कृत शिकतो आहोत यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटू नये म्हणून.

कर्मणिप्रयोगाची भीती का नको

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना वाच्यपरिवर्तन, म्हणजे कर्तरी वाक्याचं कर्मणी करणं, जड जातं. मराठी मुलाला ते जड जायचं कारण नाही, कारण ते दिवसातून शंभरदा कर्मणिप्रयोग बोलतं. 'रामाने आंबा खाल्ला. रामाने भाकरी खाल्ली. रामाने मोदक खाल्ले.' खाणारा एकच, पण क्रियापद बदलतं आहे ते आंबा, भाकरी, मोदक यांच्याप्रमाणे. आता संस्कृत: 'रामेण आम्रं खादितम्. रामेण रोटिका खादिता. रामेण मोदकाः खादिताः.' तीच रचना. 'रामेण' ही तृतीया, 'रामाने' ही तृतीया, आणि क्रिया कर्माच्या लिंग-वचनाला बांधलेली. मराठीचा हा भूतकाळ संस्कृतच्या अशाच 'त'कारान्त रूपांच्या रचनेतून उतरत आला आहे.

एक अडचण खरी आहे. परीक्षेत वाच्यपरिवर्तन वर्तमानकाळात विचारतात, आणि मराठीत वर्तमानकाळी कर्मणी तितका सहज येत नाही. म्हणून पुलासारखा भूतकाळ वापरावा. 'रामः आम्रं खादति' याचं कर्मवाच्य करायचं असेल, तर आधी मनात 'रामाने आंबा खाल्ला' म्हणावं. 'रामाने' म्हटल्याबरोबर तृतीया आठवते: रामेण. 'आंबा' आता प्रथमेत. उरलं क्रियापद, त्याला 'य' आणि 'ते' लावून 'खाद्यते'. आंबे अनेक असतील तर 'आम्राणि खाद्यन्ते'. भाववाच्यासाठीही मराठीत जोडी आहे. 'मुलांनी हसावं' या वाक्यात मुलं कितीही असली तरी 'हसावं' हलत नाही. तसंच 'बालकैः हस्यते': क्रियापद कायम प्रथमपुरुषी एकवचनात. इथे एक सूचना. मराठी व्याकरणात ज्याला आपण तृतीय पुरुष म्हणतो, त्याला संस्कृतमध्ये प्रथमपुरुष म्हणतात. या नावानंच कित्येक मुलं गोंधळतात, म्हणून पहिल्याच दिवशी ते स्पष्ट करावं.

संधी तोंडात घडतो, पुस्तकात नंतर येतो

संधीचे नियम पाठ करायला लावले की मुलं कंटाळतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण नियमांमागचं कारण सांगितलेलं नसतं. संधी म्हणजे दोन ध्वनी शेजारी आले असता तोंडानं केलेली सोय. ती कशी होते हे समजायला वर्णमालेची मांडणी पुरते.

क ख ग घ ङ ही एक ओळ. पाचही व्यंजनं तोंडात एकाच जागी तयार होतात. ओळीतलं पहिलं आणि दुसरं कठोर, तिसरं आणि चौथं मृदू, पाचवं नाकातून. गळ्यावर दोन बोटं ठेवून 'प प प' म्हणा, मग 'ब ब ब' म्हणा. 'ब'ला गळा आधीपासूनच थरथरू लागतो. मृदू म्हणजे हेच. आता 'वाक्' पुढे 'ईश' आला. स्वराला गळा थरथरावा लागतो. 'क्'ला थांबून 'ई'ला पुन्हा सुरू करण्यापेक्षा तोंड आधीच सुरू करतं, आणि 'क्'चा 'ग्' होतो: वागीश. जागा तीच, ओळ तीच, फक्त खण बदलला. 'जगत्' पुढे 'नाथ' आला. 'न' नाकातून, म्हणून 'त्'सुद्धा आपल्याच ओळीत नाकाच्या खणात सरकतो: जगन्नाथ. दहावीला विचारले जाणारे व्यंजनसंधीचे दोन मोठे नियम, पहिल्याचा तिसरा आणि पहिल्याचा पाचवा, ते हेच.

विसर्ग म्हणजे स्वरामागून सोडलेला श्वास. पुढे कठोर व्यंजन असेल तर तो श्वास त्या व्यंजनाच्या जागेचा घर्षणध्वनी होतो: नमः + ते = नमस्ते, निः + चल = निश्चल. पुढे मृदू व्यंजन असेल आणि विसर्गाआधी 'अ' असेल तर 'ओ': मनः + रथ = मनोरथ. विसर्गाआधी 'इ' किंवा 'उ' असेल तर 'र्': निः + धन = निर्धन, दुः + गुण = दुर्गुण. हे सगळे मराठी शब्द आहेत. मुलाला आधी शब्द द्यावेत, फोड त्याच्याकडून करून घ्यावी, आणि नियम त्यानंच सांगावा. स्वतः काढलेला नियम सहसा विसरला जात नाही.

सरावाला तर सगळं शहर पडलं आहे. बसच्या पाट्या वाचत जा. मल्लेश्वरम: मल्ल + ईश्वर, गुणसंधी (अ + ई = ए). विद्यारण्यपुर: विद्या + अरण्य, दीर्घसंधी (आ + अ = आ). राजराजेश्वरीनगर: राजराज + ईश्वरी. चामराजेंद्र: चामराज + इंद्र. पद्मनाभनगर आलं की समासाकडे वळा. पद्म आहे नाभीत ज्याच्या तो पद्मनाभ. कमळ नव्हे आणि नाभीही नव्हे, तिसराच कुणीतरी. तो बहुव्रीही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला टेबलापाशी बसवून जे शिकवता येत नाही, ते सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत अडकलेल्या बसमध्ये सहज होतं, कारण तिथे त्यालाही दुसरं काही करायचं नसतं.

चौकट: 'देव' शब्दाचा हिशेब

संबोधन धरून कोष्टकात घरं २४. पण वेगळी रूपं किती? द्विवचनाच्या आठ घरांत फक्त तीन रूपं: देवौ, देवाभ्याम्, देवयोः. अनेकवचनात चतुर्थी आणि पंचमी सारखी (देवेभ्यः), संबोधन प्रथमेसारखं. एकवचनात आठही वेगळी. एकूण १७.
नपुंसकलिंगी 'वन' तृतीयेपासून सप्तमीपर्यंत 'देव'सारखाच चालतो. प्रथमा आणि द्वितीया नेहमी सारख्या: वनम्, वने, वनानि. नवं शिकायचं ते एवढंच.
'वने' या एका रूपाला दोन अर्थ आहेत: 'दोन वनं' आणि 'वनात'. निर्णय क्रियापद करतं. 'वने स्तः' म्हणजे दोन वनं आहेत. 'वने सिंहः अस्ति' म्हणजे वनात सिंह आहे.
'देवेन' पण 'रामेण': शब्दात आधी र, ष किंवा ऋ असेल आणि मधे अडवणारं व्यंजन नसेल, तर 'न'चा 'ण' होतो.

किती पाठ करायचं, कसं करायचं

पाठांतराच्या मी विरोधात नाही. वेदपाठी परंपरेनं पाठांतराची जी शिस्त उभी केली, तिच्यातही एकाच दिशेनं घोकणं नाही. क्रमपाठात शब्द दोन-दोन जोडून म्हणतात. जटा आणि घनपाठात तेच शब्द पुढून मागे, मागून पुढे फिरवून म्हणतात. म्हणजे प्रत्येक शब्द अनेक बाजूंनी पकडला जातो. शब्द चालवताना आपण यांतलं काहीच करत नाही.

स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना दोन गोष्टी वारंवार आढळल्या आहेत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवलं, की एका बैठकीत कोंबण्यापेक्षा मधे अंतर सोडून केलेली उजळणी जास्त टिकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवणाऱ्यांना आठवड्यानं जास्त आठवतं. वाचताना 'हे मला येतं' असा भास होतो. पुस्तक मिटलं की खरं काय येतं ते कळतं.

घरी याचा वापर साधा आहे. छोट्या चिठ्ठ्यांवर एकेक रूप लिहावं: नदीम्, मुनिना, फलानि, मातुः. चिठ्ठी उचलली की तीन गोष्टी सांगायच्या: मूळ शब्द, विभक्ती, वचन. आणि लगेच ते रूप घालून एक वाक्य. जिथे दोन उत्तरं शक्य आहेत तिथे दोन्ही सांगायची, जसं 'मातुः' ही पंचमीही असेल, षष्ठीही. अर्धा तास पुरतो, पण रोज हवा. रविवारी तीन तास बसवणं हा त्याचा पर्याय होत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शाळकरी मुलांसाठी संस्कृतचं पहिलं पुस्तक काढलं, ते १८६४ साली. त्यांनी सुरुवात लांबलचक कोष्टकांनी केली नाही. आधी क्रियापदं, मग थोडे प्रत्यय, आणि लगेच तेवढ्याच सामग्रीवरची वाक्यं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे भाषांतर करायला. जेवढं शिकलं तेवढं त्याच दिवशी वापरायचं. आजच्या पाठ्यपुस्तकाच्या जोडीला ही पद्धत घरी ठेवली, तर कोष्टक वाक्यांतूनच भरत जातं.

गुण कुठे असतात

महाराष्ट्रात संस्कृत आणि परीक्षा यांचं नातं जुनं आहे. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळे, आणि घरोघरी तिचं नाव घेतलं जाई. १९१२ साली ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, आणि मेघदूताचा मराठी पद्यानुवादही त्यांनी केला. कर्नाटकात तर शाळेत पहिली भाषा म्हणून संस्कृत घेता यावं का, यावर १९८० मध्ये विनायक कृष्ण गोकाक यांची समिती नेमली गेली आणि त्यातून मोठं कन्नड आंदोलन उभं राहिलं. त्या वादाचं एक मूळ संस्कृतमध्ये भरपूर गुण पडतात या समजात होतं. तो समज आजही जोरात आहे, आणि त्यामुळेच मुलं मार्गदर्शिकेतली उत्तरं पाठ करून भागवतात.

केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, दहावीच्या २०२४-२५ च्या आराखड्यात लेखी परीक्षा ८० गुणांची आणि शाळेचं अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं होतं. लेखीत न वाचलेल्या उताऱ्याला १०, पत्र, चित्रवर्णन, भाषांतर अशा रचनेला १५, व्याकरणाला २५ आणि 'शेमुषी' या पाठ्यपुस्तकावरच्या प्रश्नांना ३० गुण. म्हणजे पुस्तकाबाहेरचं ५०. पाठ केलेली उत्तरं फार तर ३० गुणांपर्यंत नेतात, तीही प्रश्न जसाच्या तसा आला तर. आराखडा बदलत असतो आणि कर्नाटक राज्य मंडळाची पुस्तकं व गुणविभागणी वेगळी आहे. म्हणून त्या वर्षीची नमुना प्रश्नपत्रिका वर्षाच्या सुरुवातीलाच छापून घ्यावी.

व्याकरणातला एक प्रश्न मराठी मुलासाठी हक्काचा आहे: घड्याळ. सव्वापाच म्हणजे सपादपञ्चवादनम्, साडेपाच म्हणजे सार्धपञ्चवादनम्, पावणेसहा म्हणजे पादोनषड्वादनम्. सपाद, सार्ध, पादोन म्हणजे पावसह, अर्ध्यासह, पावानं कमी. आपण रोज तेच म्हणतो. अट एवढीच की मुलानं घरी वेळ 'फाइव्ह फॉर्टीफाइव्ह' अशी सांगू नये. पावणेसहा म्हणणारी आजी घरात असेल, तर तिला या प्रश्नाची शिक्षिका करावी.

चित्रवर्णनात मुलं लांब वाक्यं करायला जातात आणि फसतात. इथे छोटी, निर्दोष वाक्यं हवीत. 'चित्रे त्रयः बालकाः सन्ति. एका बालिका पुष्पं पश्यति.' कर्ता एक तर अस्ति, दोन तर स्तः, अनेक तर सन्ति, एवढं तपासलं तरी बरेचसे गुण वाचतात. एक ते चारपर्यंतचं संख्याविशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं हेही पाहावं: त्रयः बालकाः, तिस्रः बालिकाः, त्रीणि पुष्पाणि.

बंगळूरमधली मदत

संस्कृत बोलण्याची चळवळ १९८१ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि पुढे संस्कृत भारती म्हणून देशभर पसरली. गिरिनगरमध्ये तिचं 'अक्षरम्' हे केंद्र आहे, आणि 'सम्भाषणसन्देशः' हे मासिक बंगळूरहून निघतं. दहा दिवसांच्या संभाषणवर्गाला नववीच्या सुट्टीत जाऊन आलेलं मूल क्रियापदाची रूपं विचार न करता बोलू लागतं, आणि वाचनाचा वेग त्यामुळे खरोखर वाढतो. मात्र संभाषणवर्गात संधी मुद्दाम कमी ठेवतात, वाक्यं सोपी असतात. त्यामुळे तेवढ्यावर दहावीची परीक्षा निघत नाही. मासिकातला एक छोटा विनोद किंवा गोष्ट आठवड्याला घेऊन त्यावर खंडान्वय करावा, तो न वाचलेल्या उताऱ्याचा उत्तम सराव होतो.

शेवटच्या दोन महिन्यांत सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात, पण तपासताना फक्त गुण मोजू नयेत. प्रत्येक चूक तीनपैकी कुठल्या प्रकारची ते मुलानं स्वतः वहीत लिहावं: शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, शेवट ओळखता आला नाही, की शेवट ओळखूनही जुळणी चुकली. पहिल्या प्रकाराला शब्दसंग्रह हवा, दुसऱ्याला चिठ्ठ्या, तिसऱ्याला रोजचा खंडान्वय. दोन-तीन प्रश्नपत्रिकांनंतर कुठला रकाना भरत चालला आहे ते वहीत दिसतं, आणि उरलेला वेळ तिथेच द्यावा.